खोड, खोडी आणि रडी : पंचाविना टेनिसचा इतिहास

खेळाच्या मैदानावर माणूस पारखायला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ नीट वेगळे आहेत. 'खोड' म्हणजे अंगवळणी पडलेली सवय. ती जित्याची असते आणि मेल्याशिवाय जात नाही. 'खोडी' मुद्दाम काढावी लागते. 'रडी' मात्र खाल्ली जाते : बाद झालेला गडी बाद नाही म्हणून अडून बसला की तो रडीचा डाव. खोडीमागे हेतू असतो, पण तिच्यासाठी नियम मोडावा लागत नाही. रडीसाठी तो मोडावाच लागतो.

हौशी टेनिस खेळणाऱ्या कुणालाही हे तिन्ही प्रकार ओळखीचे असतील. समोरचे गृहस्थ सर्व्हिस करण्याआधी बारा वेळा चेंडू आपटतात. आपण सर्व्हिससाठी हात उचलला की त्यांच्या बुटाची नाडी सुटते. आपला फटका रेषेवर पडला की ते हसून 'नशीब आहे बुवा तुमचं' म्हणतात. आपली पहिली सर्व्हिस उघड बाहेर गेलेली असते, तरी ते चेंडू दणकून आपल्याकडे परत मारतात. तो गोळा करून येईपर्यंत दुसऱ्या सर्व्हिसची लय मोडलेली असते. आपल्या हिशेबाने 'तीस-पंधरा' असते तेव्हा त्यांच्या हिशेबाने 'पंधरा-तीस' असते. यातली खोड कुठली, खोडी कुठली आणि रडी कुठली?

हा प्रश्न टेनिसमध्ये विशेष अवघड होतो, कारण हौशी सामन्याला पंच नसतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये निदान बॅटिंग करणाऱ्या संघाचा एखादा गडी स्टंपामागे उभा असतो. तो पक्षपाती असला, तरी तिसरा माणूस असतो. क्लबच्या कोर्टावर सकाळी साडेसहाला दोघेच असतात आणि नियम असा की नेटच्या ज्या बाजूला चेंडू पडेल, त्या बाजूच्या खेळाडूने निकाल द्यायचा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश. अशा न्यायालयात गेली दीडशे वर्षे लोक एकमेकांशी कसे वागत आले, याचा माग मी काही वर्षे घेतो आहे. विजेत्यांच्या याद्यांमध्ये हा इतिहास सापडत नाही. तो विनोदी पुस्तकांत, आचारसंहितांत आणि खेळाडूंच्या घडणीच्या हकिकतींत विखुरलेला आहे.

*

लॉन टेनिसच्या आधीचे टेनिस राजवाड्यांच्या भिंतींआड खेळले जाई. तिथे 'मार्कर' नावाचा पगारी माणूस असे. गुण पुकारणे, चेंडूचा दुसरा टप्पा कुठे पडला हे पाहणे, वाद मिटवणे ही त्याची कामे. फेब्रुवारी १८७४ मध्ये मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड यांनी उघड्या हिरवळीवर खेळायच्या नव्या खेळाचे पेटंट घेतले आणि त्याचे साहित्य पेटीत घालून विकायला काढले. पेटीत नेट होते, खांब होते, रॅकेटी आणि चेंडू होते. मार्कर नव्हता. खेळ भिंतींबाहेर आला तो असा पंचाविना.

१८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. २२ जणांनी नावे नोंदवली आणि स्पेन्सर गोर जिंकला. स्पर्धांना पंच मिळाले, पण स्पर्धा हा या खेळाचा लहानसा भाग होता. बहुतेक टेनिस धर्मोपदेशकांच्या आणि जमीनदारांच्या अंगणात, चहाच्या आधी खेळले जाई. तिथे वाह्यात वागणाऱ्याला शिक्षा एकच होती : पुढच्या वेळी बोलावणे येत नसे. सगळे एकमेकांना ओळखणारे, एका थरातले, एका शाळेतले. म्हणून न लिहिलेला कायदा पुरत असे.

या कायद्याची दुसरी बाजू आपल्याकडे जास्त स्पष्ट दिसते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे सदस्यत्व फक्त युरोपियनांसाठी होते. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना उभा राहिला, तो इथल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी उभा केलेला. 'सभ्य माणसांचा खेळ' या शब्दांत सभ्यता जेवढी होती, तेवढेच फाटकही होते. आत कसे वागायचे हे कुणी लिहून ठेवत नसे, कारण जो जन्माने आत होता त्याला ते ठाऊक असे आणि ज्याला ठाऊक नव्हते त्याने आत येणे अपेक्षितच नव्हते.

*

या न लिहिलेल्या कायद्यातली फट एका विनोदी लेखकाने जगाला दाखवली. स्टीफन पॉटर लंडनच्या बर्कबेक कॉलेजात साहित्य शिकवत असे. १९३१च्या जूनमध्ये तो आणि त्याच कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सी. ई. एम. जोड युनिव्हर्सिटी कॉलेजच्या दोन तरुण विद्यार्थ्यांविरुद्ध दुहेरीचा सामना खेळत होते. पोरे उंच, चपळ आणि खेळात कितीतरी सरस. त्यांच्या सर्व्हिसपुढे दोघा प्राध्यापकांचे काही चालेना. अशात जोडने मारलेला एक चेंडू थेट बेसलाइनच्या बऱ्याच मागे असलेल्या जाळीवर जाऊन आदळला. तो बाहेर गेला हे आंधळ्यालाही कळले असते. पोरगा पुढच्या सर्व्हिससाठी जागा बदलू लागला, तेवढ्यात जोडने पलीकडून अतिशय नम्र पण ठाम आवाजात विनंती केली : चेंडू आत होता की बाहेर, ते कृपया स्पष्ट सांगत चला.

बस्स, एवढेच. पोरे गोंधळली. त्यांनी माफी मागितली, गुण पुन्हा खेळू म्हणाले. जोड म्हणाला, छे छे, पुन्हा कशाला, फक्त स्पष्ट सांगा म्हणजे झाले. पुढची सर्व्हिस डबल फॉल्ट गेली. जिंकत आलेला सामना पोरे हरली.

पॉटरने १९४७ मध्ये या प्रसंगावरून एक अख्खे शास्त्र रचले आणि 'गेम्समनशिप' हा शब्द इंग्रजीत रूढ केला. प्रत्यक्ष लबाडी न करता खेळ जिंकण्याची कला, अशी व्याख्या त्याच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच आहे. मराठीत सांगायचे तर, रडी न खाता खोडीवर डाव जिंकणे. पुस्तक प्रचंड गाजले. ते आणि त्याचे पुढचे भाग यांवरून १९६० मध्ये 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' हा चित्रपट निघाला आणि त्यात नायकाची फजिती आणि नंतरचा सूड, दोन्ही टेनिसच्या कोर्टावर दाखवले आहेत. सत्तरच्या दशकात बासू चटर्जींनी तीच कथा आपल्या मुंबईत आणली. 'छोटी सी बात'मधला अमोल पालेकरांचा बुजरा कारकून ज्या कर्नलकडे शिकवणीला जातो, त्या कर्नलची शाळा खंडाळ्यात आहे. अशोक कुमारांची ती भूमिका पाहून हसलेल्या आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की त्या शाळेचा मूळ धडा टेनिस कोर्टावरचा आहे.

पण विनोद बाजूला ठेवून त्या प्रसंगाकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. जोडने नियम मोडला नाही, खोटे बोलला नाही, आवाज चढवला नाही. पोरे कशाने हरली? आपल्याला उद्धट समजले जाईल या भीतीने. शस्त्र जोडचे होते, पण त्याला धार त्या पोरांच्या सभ्यतेची होती. त्यांनी शांतपणे 'सर, बाहेर होता' एवढे म्हणून पुढची सर्व्हिस टाकली असती, तर जोडच्या हातात काही उरले नसते. खोडी ज्याची काढायची त्याच्या सहकार्याशिवाय ती सफल होत नाही, हा पॉटरच्या पुस्तकातून निघणारा खरा धडा आहे. पॉटरने तो असा सांगितला नाही. त्याने प्रत्येक युक्तीवर प्रतियुक्ती सुचवली, म्हणजे हे युद्ध कधी संपणारच नाही.

जोडच्या बाबतीत मात्र ते संपले. एप्रिल १९४८ मध्ये, पॉटरचे पुस्तक निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, वॉटर्लू-एक्झेटर गाडीत योग्य तिकिटाविना प्रवास केल्याबद्दल जोडला दोन पौंड दंड झाला. बीबीसीवरच्या लोकप्रिय कार्यक्रमातले त्याचे स्थान गेले आणि नाव कायमचे डागाळले. खोडी आणि रडी यांच्यामधली रेषा कोर्टाबाहेर त्याला सांभाळता आली नाही.

*

पॉटरच्या विनोदामागे एक गृहीत आहे. खोडी काढणारा आणि सोसणारा दोघेही आतले आहेत, दोघांच्याही सभ्यतेबद्दल कुणाला शंका नाही. ज्याच्या सभ्यतेबद्दल आधीच शंका घेतली जाते, त्याने काय करायचे? याचे उत्तर शोधायला अमेरिकेत जावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस संघटनेच्या स्पर्धा कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ बंद होत्या. त्यांनी १९१६ मध्ये आपली वेगळी संघटना काढली होती. राष्ट्रीय अजिंक्यपदाचे दार १९५० मध्ये आल्थिया गिब्सनसाठी उघडले. तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसांत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावचे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन होते. पेशाने वैद्य. घराशेजारी त्यांनी स्वतःचे कोर्ट बांधले होते आणि उन्हाळ्यात कृष्णवर्णीय मुलांना ते तिथे राहायला ठेवून टेनिस शिकवत. आर्थर अ‍ॅश त्यांचाच विद्यार्थी.

जॉन्सन फटक्यांइतकीच वागणुकीची शिकवण देत. पंचाशी वाद नाही. प्रतिस्पर्ध्याकडे रागाने पाहणे नाही. रॅकेट आपटणे नाही. बाजू बदलताना चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात नेऊन द्यायचे. आणि सर्वांत कठीण नियम : आपल्या बाजूला चेंडू रेषेबाहेर इंच-दोन इंच पडला, तरी तो आत समजून खेळायचा. कारण साधे होते. या मुलांपैकी एकाने जरी खरा निकाल पुकारला आणि समोरच्याने त्याला रडी म्हटले, तर विश्वास समोरच्यावर ठेवला गेला असता आणि सगळ्यांनाच परत पाठवायला निमित्त मिळाले असते.

या नियमाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रतिस्पर्ध्याची खोड, खोडी, रडी, सगळे गिळायचे आणि वर त्याला दोन इंच जागा जास्त द्यायची. ही मुले ज्या कोर्टावर खेळत, त्याची त्यांच्याकडची बाजू दोन इंचांनी मोठी होती. खेळातल्या सभ्यतेचे कौतुक करताना ती कुणाकडून, किती दराने वसूल केली गेली, हे आपण सहसा विचारत नाही.

अ‍ॅश त्या जादा दोन इंचांसकट मोठा झाला, १९६८ची अमेरिकन खुली स्पर्धा आणि जुलै १९७५ मध्ये विम्बल्डन जिंकला. त्याच वर्षअखेर स्टॉकहोमच्या मास्टर्स स्पर्धेत त्याची गाठ रुमानियाच्या इली नास्तासेशी पडली. नास्तासे अलौकिक खेळाडू, आणि खोड्या काढण्यातही तितकाच अलौकिक. पहिला सेट नास्तासेचा, दुसरा अ‍ॅशचा, तिसऱ्यात अ‍ॅश ४-१ ने पुढे. नास्तासे सर्व्हिस लांबवू लागला. चेंडू हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला : तयार आहात ना, मिस्टर अ‍ॅश? शब्द जोडच्या शब्दांइतकेच सभ्य. अखेर अ‍ॅशने रॅकेटी उचलल्या आणि तो कोर्ट सोडून निघून गेला.

दोघांनाही बाद ठरवण्यात आले. सोसणारा आणि त्रास देणारा एकाच शिक्षेला पात्र ठरले. दुसऱ्या दिवशी समितीला हे अन्यायाचे वाटले आणि सामना अ‍ॅशला देण्यात आला. नास्तासेने पुढे फुले देऊन माफी मागितली. पण साखळी पद्धतीची स्पर्धा असल्याने तो एक सामना हरूनही पुढे गेला आणि अंतिम फेरीत ब्यॉर्न बोर्गला हरवून स्पर्धाच जिंकला. म्हणजे गिळत राहणे आणि उठून जाणे, दोन्ही उपायांची किंमत अ‍ॅशने मोजली, आणि विजेतेपद दुसऱ्याकडे गेले. तेही पंच हजर असताना. पंच नसलेल्या कोर्टावर हे दोन उपाय किती तोकडे पडत असतील, याचा अंदाज करता येतो.

*

सत्तरचे दशक अमेरिकेत टेनिसच्या लाटेचे होते. खेळ क्लबांच्या फाटकाबाहेर पडून सार्वजनिक बागांतल्या कोर्टांवर गेला. तिथे एकमेकांना न ओळखणारी माणसे समोरासमोर येऊ लागली. चहाचे बोलावणे बंद करण्याची शिक्षा आता निरुपयोगी होती, कारण बोलावणारा यजमानच नव्हता. अशा खेळाडूंसाठी कर्नल निकोलस पॉवेल यांनी एक लहानशी पुस्तिका लिहिली. तिचे नाव 'द कोड'. पंचाविना सामन्यात कसे वागावे याचे हे कलमवार मार्गदर्शन अमेरिकन टेनिस संघटनेने स्वीकारले, आणि सुधारित रूपात ते आजही चालू आहे. टेनिसचे अलिखित नियम लिहून काढणे असे तिचे स्वरूप. हा विरोधाभास मला फार महत्त्वाचा वाटतो. जन्माने कळणारी गोष्ट चार पानांत वाचून कळू लागली.

तिचे मुख्य सूत्र असे की शंकेचा फायदा नेहमी प्रतिस्पर्ध्याला. नव्याण्णव टक्के बाहेर असलेला चेंडू शंभर टक्के आत धरायचा. दुहेरीत जोडीदारांचे एकमत नसेल, तर चेंडू आत. निकाल ताबडतोब पुकारायचा, फटका मारून परिणाम पाहून नव्हे. जॉन्सनच्या दोन इंचांची इथे आठवण होते, पण फरक मोठा आहे. लिंचबर्गच्या मुलांनी ते दोन इंच एकतर्फी दिले होते. पॉवेलच्या संहितेने तीच उदारता नेटच्या दोन्ही बाजूंना सारखी लागू केली. दोघांनी दिली की ती लाचारी राहत नाही, नियम होतो.

दुसरी गोष्ट, संहिता हेतूच्या फंदात सहसा पडत नाही. ती कृतीकडे पाहते. उघड बाहेर गेलेली सर्व्हिस नेटपलीकडे परत मारणे अशिष्ट आहे, असे ती सांगते आणि ही गेम्समनशिपही असू शकते असे बजावते. पॉटरचा थट्टेचा शब्द असा नियमाच्या पानावर येऊन बसला. गुणांचा घोळ टाळण्यासाठी तिचा उपाय अगदी साधा : सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक वेळी गुणसंख्या मोठ्याने सांगायची. तरीही वाद झाला, तर दोघांना मान्य असलेले गुण तेवढे धरायचे. तेही जमले नाही, तर दोघांना चालेल अशा गुणसंख्येपासून पुढे खेळायचे, आणि अगदीच अडले तर नाणे उडवायचे. खरे कोण बोलत होते, हा प्रश्न नाण्याला विचारला जात नाही. खेळ पुढे जातो.

खेळाच्या मुख्य नियमांतही व्यत्ययाबाबत अशीच दृष्टी आहे. खिशातून चेंडू चुकून पडला आणि समोरच्याचा खोळंबा झाला, तर गुण पुन्हा खेळायचा. पण पुन्हा तसे झाले तर ते जाणूनबुजून केलेले धरले जाईल, अशी समज द्यायची. पहिल्यांदा खोड मानून सोडायचे, दुसऱ्यांदा खोडी मानून गुण घ्यायचा. माणसाच्या मनात शिरण्याची गरज नाही, मोजायला दोनपर्यंत आकडे आले की पुरे.

हेतूचा निवाडा करू गेले की काय होते, याचे उदाहरण १९९२च्या विम्बल्डनमध्ये आहे. अठरा वर्षांची मोनिका सेलेस तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होती आणि प्रत्येक फटक्याला जोरात हुंकार देई. उपान्त्यपूर्व फेरीत नताली तोझियाने आणि उपान्त्य फेरीत मार्टिना नवरातिलोव्हाने पंचाकडे तक्रार केली. चेंडू रॅकेटवर कसा बसला याचा आवाजही खेळाडूला उपयोगी पडतो आणि हुंकारात तो बुडतो, ही तक्रार निराधार नव्हती. सेलेसच्या दृष्टीने ती लहानपणापासूनची खोड होती. वृत्तपत्रांत गदारोळ झाला. अंतिम सामन्यात ती जवळजवळ मूकपणे खेळली आणि स्टेफी ग्राफकडून ६-२, ६-१ अशी हरली. त्या दिवशी ग्राफ अप्रतिम खेळली, त्यामुळे पराभवाचे कारण मौनच होते असे म्हणता येत नाही. पण हुंकार देणे ही मुलीची लबाडी की सवय, यावर जगाने खल केला. आवाज किती चालेल हे कुणी ठरवले नाही. निकाल तिच्या चारित्र्याचा लागला, आवाजाचा लागलाच नाही.

*

या सगळ्यातून क्लबच्या कोर्टावर उभे राहणाऱ्या माणसाच्या हाती काय लागते? माझ्या मते, एक भाषा लागते. 'तुम्ही हे मुद्दाम करता' हे वाक्य हेतूबद्दल आहे. त्यावर भांडणच होऊ शकते. 'बाहेर गेलेली सर्व्हिस परत मारू नका, मला पुन्हा उभं राहायला वेळ लागतो' हे वाक्य कृतीबद्दल आहे आणि त्यावर 'बरं' म्हणता येते. ते लवकर, बाजू बदलताना, विशेषण न लावता म्हणायचे असते. चार गेम मनात धुमसून पाचव्यात बोलले, तर ते कुठल्याही भाषेत आरोपासारखेच ऐकू येते. युनिव्हर्सिटी कॉलेजची पोरे बोलली नाहीत, अ‍ॅश बोलायच्या पलीकडे गेला होता. मधली जागा या संहितेने तयार केली.

सगळ्याच गोष्टी बोलण्याजोग्या नसतात, हेही खरे. बारा वेळा चेंडू आपटणारे गृहस्थ वाजवी वेळात सर्व्हिस करत असतील, तर सर्व्हिस करणाऱ्याच्या वाजवी गतीने खेळणे हे समोरच्याचे कर्तव्य आहे, असे संहिताच सांगते. ती खोड त्यांची, सोसण्याचा सराव आपला. आणि सरळसरळ रडी खाणाऱ्यावर तिच्याकडेही जालीम उपाय नाही. त्याच्याशी न खेळणे एवढेच उरते, म्हणजे पुन्हा अंगणातली जुनी शिक्षा.

फक्त ती शिक्षा देताना सावध राहावे लागते. 'त्याला खेळाची रीत नाही' हे वाक्य रडी खाणाऱ्याबद्दल जेवढ्या सहज उच्चारले जाते, तेवढ्याच सहज ते नवख्याबद्दल, दुसऱ्या वस्तीतून आलेल्याबद्दल, कोर्टावर चेंडू उचलून देता देता खेळ शिकलेल्या पोराबद्दलही उच्चारले जाते. रीत लिहिलेली असेल आणि दोघांना सारखी लागू असेल, तर त्याला ती वाचता येते आणि आपल्यालाही ती पाळावी लागते. आपल्या अनेक क्लबांच्या फलकांवर बूट कोणते घालावेत आणि पाहुण्यांची फी किती, हे ठळक लिहिलेले असते. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा आणि गुणसंख्या कुणी मोठ्याने सांगायची, या दोन ओळींपुरती जागा त्याच फलकावर सहज निघेल.